न दिलेलं घेताना

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, आम्ही दहा-बारा जणी सकाळीच बस्तीत जमतो. कपाटातली शास्त्रं बाहेर काढायची, मऊ फडक्यानं पुसायची, पानांना कसर लागलीय का बघायचं, जुनी वेष्टनं धुवायला टाकून नवी बांधायची आणि मग जिनवाणीची पूजा. धवलेचे खंड गेली बरीच वर्षं माझ्या वाट्याला येतात. सोळा खंड, सोळा वेष्टनं. खरं सांगायचं तर त्यातलं फार थोडं मला कळतं. पण गाठ मारताना हात आपोआप हळू होतात.

यंदा त्या दिवशी धाकटा मुलगा पुण्याहून आला होता, नातवाला घेऊन. मी बस्तीतून परत आले तर बापलेक माळ्यावर. खाली सोप्यात धुळीनं माखलेलं एक खोकं, आणि त्यात मुलाच्या लहानपणीचा टीव्ही गेम. पिवळी कॅसेट होती, दोन रिमोट होते, वायरींचा गुंता होता. मुलानं कॅसेटच्या दात्यांवरून स्पिरिटचा बोळा फिरवला. लहानपणी तो फुंकर मारायचा. आता म्हणतो, फुंकरीतल्या ओलीनं दाते गंजतात. कॅसेट बसवली आणि काय आश्चर्य, पडद्यावर तीच कर्कश ट्यूं-ट्यूं सुरू झाली. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे ती.

“आई, याची बंदूक कुठाय गं?”

“बघ की तिथंच कुठंतरी,” मी म्हटलं. बंदूक तिथं नव्हती, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. त्याबद्दल शेवटी सांगते.

त्या दुपारी मायलेकरांचा जो वाद झाला तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मुलगा म्हणाला, बंदूक असती तरी चालली नसती. मला वाटलं, माझी समजूत घालतोय. पण कारण खरंच होतं. बदकं मारायचा तो खेळ जपानमधला, १९८४ सालचा. आपल्याकडे बाजारात आलं ते त्या जपानी यंत्राची नक्कल होतं. आपण समजायचो की बंदुकीतून काहीतरी टीव्हीकडे जातं. प्रत्यक्षात बंदूक फक्त बघत असते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला त्या नेमक्या क्षणी उजेड दिसला तर बदक पडलं. जुना काचेच्या नळीचा टीव्ही चित्र रेघेरेघेनं, आलं तसं लगेच काढायचा. नवा चपटा टीव्ही चित्र आधी हातात घेतो, नीटनेटकं करतो आणि किंचित उशिरा दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची वेळ निघून जाते. म्हणजे यंत्र ठणठणीत, कॅसेट ठणठणीत, बंदूकही ठणठणीत, तरी खेळ मेलेला. कारण टीव्ही बदलला.

हे ऐकताना मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. सासूबाईंच्या ओव्या मी एका वहीत उतरवून घेतल्या आहेत. शब्द राहिले. पण जात्याची घरघर, दम घ्यायला थांबायची जागा, समोर बसलेल्या जावेनं उचललेली ओळ, हे वहीत कुठं येतं? पुस्तकाला वाचणारा एक डोळा पुरतो. ओवीला जातं लागतं. आणि या खेळांना तर यंत्र, टीव्ही, वीज आणि खेळणारा, सगळंच लागतं.

शिवाय ज्यावर ते लिहिलेले असतात त्याचंही आयुष्य असतंच. जुन्या फ्लॉपीवर चुंबकाच्या खुणा असतात, त्या हळूहळू विरतात. काही कॅसेटींत खेळ कुठपर्यंत आला हे लक्षात ठेवायला बटणाएवढा सेल असतो. तो संपला की सगळी आठवण पुसली जाते. मुलगा शाळेतल्या संगणकावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळायचा. उड्या मारणारा तो पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र तुमच्याही मुलांनी बघितला असेल. तो १९८९ चा. त्याचा निर्माता जॉर्डन मेकनर याच्याकडे स्वतः लिहिलेला मूळ प्रोग्रामच राहिला नव्हता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घर आवरताना कपाटात फ्लॉपींचं एक खोकं सापडलं. त्यावरच्या खुणा वाचायला जुनी यंत्रं जपून ठेवलेली जाणती माणसं बोलवावी लागली. प्रोग्राम निघाला, आणि मेकनरनं तो सगळ्यांना बघायला खुला केला. म्हाताऱ्यानं ते खोकं भंगारात घातलं असतं तर?

यावर मुलानं पिशवीतून हाताच्या पंजाएवढी एक काळी डबी काढली. म्हणाला, “आई, यात हजारो जुने खेळ आहेत. आम्ही चार-पाच मित्र सुट्टीच्या दिवशी हेच करतो. जुन्या कॅसेटी, सीड्या शोधायच्या, त्यातला खेळ यात उतरवून घ्यायचा. मग नव्या संगणकाला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम असतो, एम्युलेटर, त्यावर तो चालवून बघायचा.”

“विकत घेतलेस हे?”

“विकत मिळतच नाहीत गं.”

“मग ज्यांचे आहेत त्यांना विचारलंस?”

“कुणाला विचारू? काही कंपन्या बुडाल्या, काही दुसऱ्यांनी घेतल्या. हक्क कुणाकडे आहेत हे त्यांचं त्यांनाच माहीत नसतं. आणि जे आहेत ते उत्तर देत नाहीत.”

“म्हणजे न विचारता घेतलंस.”

तो गप्प बसला. मीही गप्प बसले. पण मला तो शब्द आतून टोचला, कारण अणुव्रतं मी घेतली आहेत, त्यानं नाही. आपल्याकडे चोरीला ‘अदत्तादान’ म्हणतात. अदत्त म्हणजे न दिलेलं, त्याचं आदान. कुलूप फोडलं का, कुणाचं नुकसान झालं का, हे पुढचे प्रश्न. पहिला प्रश्न एकच, ते तुला दिलं होतं का? अचौर्याचे अतिचार मोजताना तर आपले आचार्य फार बारकाईत शिरले आहेत. चोरानं आणलेला माल घेणं, तो तदाहृतादान. राज्याचा कायदा ओलांडणं, तो विरुद्धराज्यातिक्रम. अस्सलच्या नावाखाली नक्कल खपवणं, तो प्रतिरूपक व्यवहार. मी मनात मोजत गेले. काळी डबी पहिल्या दोन्हींत सापडत होती. तिसऱ्याशी अडखळले, कारण नकली टीव्ही गेम बाजारातून मीच घासाघीस करून आणला होता. विकणाऱ्याचा दोष मोठा खरा, पण घेणारा हात माझा होता.

मुलानं मग मला दुसरी बाजू सांगितली. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन नावाची अमेरिकेतली संस्था जुने खेळ जपते. तिनं २०२३ साली पाहणी केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळतच नाहीत. मग ग्रंथालयं आणि अभ्यासकांनी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाकडे सवलत मागितली, की आमच्या संग्रहातले हे खेळ अभ्यासकांना लांबून, घरबसल्या बघू द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये नकार आला. ग्रंथालयानं प्रत जपावी, पण ज्याला बघायचं त्यानं तिथं यावं. खेळ लांबून दाखवले तर लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील, अशी खेळ बनवणाऱ्यांची भीती होती.

ती भीती मला अगदीच खोटी वाटत नाही. कुणाचे तरी श्रम आहेत ते. दहा-दहा माणसं रात्री जागली असतील. उद्या त्यांनी तोच खेळ नव्यानं काढला आणि सगळ्यांकडे फुकटची प्रत आधीच असली, तर त्यांनी काय खायचं? माझं पुस्तक कुणी न विचारता छापून वाटलं तर मला राग येईलच. कितीही म्हटलं, ज्ञान पसरतंय, तरी येईल.

सासूबाई ऐंशी पार केलेल्या. खाटेवरून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. “पुद्गल आहे ते. पुरायचं आणि गळायचं, त्याचा धर्मच तो. कशाला एवढा जीव टाकता?”

बोलणं बिनतोड. पुद्गल या शब्दाची फोडच आपल्याकडे पूरण-गलन अशी करतात. अपरिग्रहाच्या वाटेनं जायचं म्हणणाऱ्या बाईनं मोडक्या खेळण्यांचा संग्रह जपायची बाजू घ्यावी का? त्यातून खेळ कसला, तर बदकं मारायचा. मला यशोधर राजाची गोष्ट आठवली. लहानपणी आज्जी सांगायची. राजानं जिवंत कोंबडा मारला नाही, आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा बळी दिला. तरी दोघांना जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावं लागलं. कोंबडा पिठाचा होता, पण भाव खरा होता. मग पडद्यावरचं बदक कशाचं, पिठाचंच की! असलं काही जगातून गेलं तर बरंच झालं, असं मला एकदा वाटून गेलं.

पण तेवढ्यात सकाळची वेष्टनं आठवली. आणि एकेक खंड बांधताना ज्याचा कधी विचार केला नव्हता ते समोर उभं राहिलं.

धवला आपल्यापर्यंत कशी आली? परंपरा सांगते की गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या धरसेन आचार्यांना भीती वाटली, की आपल्याबरोबर हे श्रुत संपेल. म्हणून त्यांनी दोन मुनींना बोलावून घेतलं, पुष्पदंत आणि भूतबली. त्यांना शिकवलं, आणि त्या दोघांनी षट्खंडागम रचला. तो पुरा झाला त्या दिवसाची आठवण म्हणून श्रुतपंचमी. पुढे वीरसेनाचार्यांनी त्यावर धवला ही टीका लिहिली. इथपर्यंत आपण दरवर्षी प्रवचनात ऐकतो. पुढचं फारसं कुणी सांगत नाही.

पुढे कितीतरी शतकं या ग्रंथाच्या जुन्या कन्नड लिपीतल्या ताडपत्री प्रती एकट्या मूडबिद्रीत राहिल्या. यात्रेकरू जायचे, दुरून दर्शन घ्यायचे, नमस्कार करायचे आणि परत यायचे. वाचायला नाही, उतरून न्यायला तर नाहीच. ज्यांनी सांभाळलं त्यांच्यावर मी बोट ठेवत नाही. त्यांनी कुलपात ठेवलं नसतं तर ताडपत्रं कधीच गेली असती. पण पानं ठिसूळ होत चालली, आणि ती लिपी वाचणारी माणसंही कमी होत चालली. टीव्ही बदलला की बंदूक आंधळी होते, तसंच हे. सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांसारख्या माणसांनी खटपट केली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नक्कल करायचं काम सुरू झालं. अट अशी की नक्कलही मूडबिद्रीतच राहायची.

नक्कल करणाऱ्यांत गजपती उपाध्याय होते. त्यांनी लपून आणखी एक प्रत घरी केली. आणि त्या कामात त्यांना साथ होती त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची. ती प्रत घेऊन ते सोलापूरला शेठजींकडे गेले. शेठजींनी ती घेतली नाही. चोरून आणलेलं घेणं नीतीत बसत नाही, असं त्यांना वाटलं म्हणतात. ज्या माणसानं या ग्रंथासाठी आटापिटा केला त्यानंच तो दारात आलेला परत पाठवला! शेवटी सहारनपूरच्या एका जैन श्रीमंताकडे ती प्रत गेली. तिथं कन्नडवरून नागरी लिपीत उतरवायला जे पंडित बसवले, त्यांनीही गुपचूप स्वतःसाठी एक जास्तीची प्रत काढली. त्या दुसऱ्या चोरट्या प्रतीवरून गावोगावी प्रती गेल्या. त्यांवरूनच डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ साली अमरावतीहून पहिला खंड छापला. पुढे मूडबिद्रीकरांनीही मोठ्या मनानं मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून बघू दिले.

म्हणजे त्या सकाळी मी ज्याला नवं वेष्टन बांधलं, हळद-कुंकू वाहिलं, ते एकदा नव्हे, दोनदा न विचारता घेतलेलं होतं.

मुलाला हे सांगितलं तर तो टाळी द्यायला पुढं आला. “बघ, म्हणजे आम्ही बरोबर!” मी टाळी दिली नाही. इतकं सोपं नाही ते. धवला आणि बदकांचा खेळ मी एका तराजूत घालत नाही, आणि एखादी चोरी फळाला आली म्हणून ती चोरी नव्हती असंही म्हणवत नाही. शेठजी चुकले नव्हते, व्रताला जागले. लक्ष्मीबाईही मला चुकलेल्या वाटत नाहीत. चूल-मूल आवरून, दिव्याच्या उजेडात, कुणाला सांगायची सोय नसताना अक्षरामागून अक्षर उतरवणारी ती बाई मला त्या दिवसापासून सारखी डोळ्यांपुढे दिसते. दोन्ही खरं कसं असेल? आपण अनेकांत अनेकांत म्हणतो, तो भाषणात सोपा असतो. घरात सोफ्यावर बसला की अवघड जातो.

मला जेवढं उमगलं ते सांगते. दोष दोषच राहतो, पण दोषाचे सगळे वाटेकरी मोजायला हवेत. दुसरी प्रत होऊच द्यायची नाही, असं जो ठरवतो, तो प्रत करणाऱ्यापुढं दोनच वाटा ठेवतो, चोरी कर नाहीतर नाश बघ. त्या चोरीचा काही भार कुलूप लावणाऱ्यावरही पडतो. परिग्रहाचं मूळ मूर्च्छेत आहे, ‘हे माझं’ या आसक्तीत, असं आपण शिकलो. मग जो खेळ कंपनी स्वतः विकत नाही, दुरुस्त करत नाही, पण दुसऱ्याला हातही लावू देत नाही, ती मूर्च्छा नाही का? आणि ज्यानं हजारो खेळ डबीत भरून ठेवले, पण एकही कधी कुणाला दाखवला नाही, तोही त्याच वर्गातला. जपणं आणि साठवणं यांत मला एवढाच फरक दिसतो, की जपलेलं पुढं देण्यासाठी असतं.

राहिला बदकांचा प्रश्न. जपणं म्हणजे मान्य करणं नव्हे. यशोधराची गोष्ट आपण जपली म्हणून बळी जपला असं होत नाही. आमच्या मुलांनी लहानपणी कशात आनंद मानला आणि आम्ही तो कसा विकत आणून दिला, हे उद्या कुणाला बघायचं असेल तर बघता यावं. काय ठेवायच्या लायकीचं आणि काय नाही, हे एका पिढीनं परस्पर ठरवू नये. ‘आलम आरा’ची एकही प्रत उरली नाही, ती कुणी द्वेषानं जाळली म्हणून नव्हे. जुनं झालं, आता याचं काय करायचं, असं वाटणाऱ्या माणसांच्या हातून असं जातं.

मी मुलाला तीन गोष्टी सांगितल्या. जो खेळ त्याचा मालक आजही विकतोय तो डबीत नको, विकत घे. डबीतल्या कशावर एक पैसाही मिळवायचा नाही. आणि कुठला खेळ, कुणी केलेला, कुठून उतरवला, याची वही ठेव, म्हणजे उद्या मालक दारात आला तर त्याच्यापुढं ठेवता येईल. “आणि तरीही,” मी म्हटलं, “याला पुण्य म्हणू नकोस. आपण न दिलेलं घेतलंय हे रोज लक्षात ठेव.” आलोचना म्हणतात ती हीच. हे तीन नियम कुठल्या कायद्यात बसणार नाहीत, हे मला कळतं. ग्रंथालयांनाच रीतसर परवानगी मिळावी, म्हणजे माझ्या मुलाला लपून काही करावंच लागू नये, हे खरं उत्तर.

आता बंदुकीचं. मुलगा तिसरीत असेल. पर्युषणाचे दिवस, आणि सोप्यात धडाधड बदकं पडत होती. तो शाळेत गेल्यावर मी बंदूक उचलली आणि भंगारवाल्याला दिली. त्याला सांगितलं, हरवली. कितीतरी दिवस तो खाटेखाली, कपाटामागं शोधत होता. मी माझ्या धर्माला जागले असंच इतकी वर्षं समजत होते.

वस्तू त्याची होती. त्यानं मला दिली नव्हती. अदत्तादानाचा हिशेब मी दुपारभर त्याच्याकडे मागत होते, आणि माझं हे खातं कोरं सोडून बसले होते. वर खोटं बोलले, ते निराळंच.

रात्री जेवणं झाल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं गं.” मग थोडं थांबून म्हणाला, “पण शोधत राहिलो.”